मोगऱ्याच्या दिवसांतलं दूध

नौबादच्या चौकात परवा मोगरा आला. येतोच दरवर्षी, चैत्र निम्मा सरला की. ओल्या गोणपाटावर कळ्यांचा ढीग, शेजारी केळीच्या पानात गुंडाळलेल्या माळा, आणि फुलवाली कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत माळ मोजून देते. कानडीत त्या मापाला मोळ म्हणतात. बिदरात आम्ही मराठी बायकाही फुलं मोळानंच घेतो. म्हणजे बाकीच्या घेतात. मी चौक ओलांडताना पदर नाकाला लावते आणि पाय उचलते. फुलवालीला वाटतं, टीचरबाईंना फुलांनी शिंका येतात. मीच तसं सांगून ठेवलंय. एकदा सांगितलं की कुणी पुन्हा विचारत नाही.

कितीतरी वर्षं मी मराठी शाळेत शिकवलं, आणि एवढ्या वर्षांत 'माझा आवडता ऋतू' हा निबंध मुलांना एकदाही घातला नाही. हेडमास्तर म्हणायचे, "बाई, सोपा विषय आहे, पोरांना चार मार्क मिळतील." मी म्हणायचे, "गाईवर लिहू द्या, तीही सोपीच आहे." मुलांचं काही चुकलं नसतं. त्यांनी उन्हाळा लिहिला असता, आंबे लिहिले असते, आजोळ लिहिलं असतं. एखाद्या हुशार मुलीनं मोगऱ्याचा घमघमाट लिहिला असता आणि मला तिच्या वहीवर लाल शाईनं 'छान' असं लिहावं लागलं असतं. तेवढं मला जमलं नसतं.

मला त्या घमघमाटाखाली दुसरा एक वास येतो. चोळीवर वाळून आंबलेल्या दुधाचा. दोन्ही मिळून जो वास होतो त्याला मराठीत शब्द नाही, आणि नाही तेच बरं आहे.

ते साल ऐंशीच्या पुढचं. बिदरजवळच्या कोळारला कारखाने नुकते उभे राहत होते आणि आमचे हे तिथं एका गोदामात कामाला लागले होते. नौबादला एक खोली भाड्यानं घेतली होती. मी पंचविशीची. वार्षिक परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसले होते आणि चौथीच्या इतिहासाचे पेपर अर्ध्यावर असताना कळा सुरू झाल्या. सातवा महिना सरत आला होता, आठवा लागला नव्हता. मुलगी झाली. तळहातावर मावेल एवढी, लाल, अंगावर बारीक लव. रडली ती मांजरीच्या पिलासारखी, आणि तेही एकदाच. मी तिला नीट पाहायच्या आधीच तिला उचलून नेलं.

दवाखान्यात तेव्हा दोन काचेच्या पेट्या होत्या. त्यातली एक चालायची, दुसरी कधी चालायची कधी नाही. त्या खोलीला सगळे 'काचेची खोली' म्हणत. दारावर हिरवा पडदा, बाहेर लांब व्हरांडा, व्हरांड्याला बिदरच्या लाल दगडाची फरशी. दुपारी ती एवढी तापायची की चटई दुहेरी घालावी लागे. लाइट गेली की पेटी थंड पडे. मग सिस्टर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून लेकराच्या दोन्ही बाजूंना लावत. बाहेर अंगाची लाही लाही होतेय आणि आत लेकराला ऊब पुरत नाही, हे माझ्या डोक्यात कधी बसलंच नाही. आजही बसत नाही. पेटीवर एक कागद चिकटवला होता, त्यावर इंग्रजीत 'टीचर्स बेबी' एवढंच. नाव ठेवायची वेळ आली नव्हती. इथंही मी तिला नाव देणार नाही. तेव्हा नव्हतं, तर आता कशाला.

सिस्टर इथल्याच, बिदरच्या ख्रिस्ती. पन्नाशीच्या, रुंद हाडाच्या, सगळ्यांशी दखनीत बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात उकळलेली स्टीलची वाटी दिली आणि म्हणाल्या, "बच्ची को चूसना नहीं आता अभी. तुम हाथ से निकालो, मैं नली से पिलाती." लेकराच्या नाकातून एक बारीक नळी पोटात गेलेली होती. सिरिंज उभी धरायची, त्यात दूध ओतायचं, ते आपोआप खाली उतरायचं. आई म्हणून माझं काम वाटी भरण्यापुरतं.

माझी आई, आम्ही तिला माय म्हणायचो, चिंताकीहून आली होती. सासूबाई नव्हत्या, त्यामुळे माझं सगळं तिच्याकडेच. तिनं सात लेकरं जन्माला घातली होती आणि त्यातली चार जगवली होती. या कामात तिला कुणी शिकवायची गरज नव्हती, असं तिचं मत. पहिल्या दिवशी वाटीत आलेला पिवळा चीक बघून ती म्हणाली, "हे टाक. हे लेकराच्या पोटात दुखवतंय." सिस्टरनी वाटी तिच्या हातून काढूनच घेतली. "सोना है ये, अम्मा, सोना." त्या दिवसापासून माय सिस्टरचं ऐकू लागली. तिच्यात हा गुण होता. एकदा पटलं की मग हटून बसायची नाही. तिसऱ्या दिवशी पान्हा फुटला तेव्हा तीच व्हरांड्यातल्या बायकांना सांगत सुटली, "माझ्या सुशीला लई दूध हाय. वाटी पुरंना."

खरंच पुरत नव्हती. आम्ही चार-पाच जणी व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसायचो. पाठीमागून शिपाई जातोय, झाडूवाली जातेय, कुणाचा नवरा डबा घेऊन येतोय. पदराखाली वाटी धरायची, वाकायचं, आणि पिळायचं. सुरुवातीला बोटं कळत नाहीत कुठं दाबावं. मग कळतात. मग अंगठ्याला घट्टे पडतात. लाज दोन दिवसांत जाते. एक राहतं मात्र, समोर भिंत आहे आणि अंगाला वाटतंय की समोर लेकरू आहे. सिस्टरना ते ठाऊक होतं. दूध उतरत नसलं की म्हणायच्या, "जाओ, बच्चे कू देख के आओ, फिर निकलता." मी काचेपाशी जाऊन उभी राहायचे. तिचं पोट भराभर वरखाली होताना बघायचे. आणि खरंच, छाती भरून यायची. परत येऊन वाटी भरायची, पदरानं झाकायची, दृष्ट लागू नये म्हणून, आणि पडद्यापर्यंत नेऊन द्यायची. दर दोन तासांनी. त्या दिवसांत मी घड्याळ एवढं बघितलं, जेवढं शाळेत कधी बघितलं नव्हतं.

माझ्या शेजारच्या चटईवर नीलम्मा बसायची. भालकीकडच्या लिंगायत घरातली, घरी धान्याची अडत. गोरी, गोल चेहऱ्याची, कपाळावर विभूतीचा पट्टा. मराठी आमच्यासारखंच बोलायची, सासूशी मात्र कानडीत. तिचं पोट फाडून बाळंतपण झालं होतं आणि मुलगा दुसऱ्या पेटीत होता. वयानं ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल, मी तिला अक्का म्हणायचे. पहिले दोन दिवस तिला दूधच नव्हतं. माझी वाटी तर वाहत होती. सिस्टर उरलेल्या दुधाचं काय करतात ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

नीलम्माचा मुलगा पाचव्या दिवशी गेला. तिला दूध आलं होतं ते त्याच्या दोनच दिवस आधी. मी तोवर असं काही पाहिलं नव्हतं. लेकरू गेलं तरी छातीला कुणी कळवत नाही. ती आपली भरत राहते. दुसऱ्या दिवशी नीलम्माची छाती दगडासारखी झाली, अंगात सणकून ताप, कुणी हात लावला तरी ओरडायची. टाके पिकलेले, म्हणून घरीही नेता येईना. तिच्या सासूनं बाजारातून मोगऱ्याच्या कळ्या आणल्या, द्रोण भरून. पातळाच्या जुन्या पट्टीत कळ्या ओळीनं मांडल्या, पाणी शिंपडलं आणि ती पट्टी सुनेच्या छातीला करकचून बांधली. दिवसातून दोनदा कळ्या बदलायच्या. मोगऱ्यानं दूध आटतं, असं त्यांच्याकडे म्हणत. तीन दिवसांत नीलम्माचा ताप उतरला. ती उशीला टेकून बसू लागली. मायनं हे सगळं पाहिलं. ती नीलम्माच्या सासूच्या शेजारी बसून कळ्या मांडू लागायची, आणि परत येऊन मला म्हणायची, "बरं आसतंय की ते. सुटली बिचारी."

त्यानंतरचे दोन दिवस मी इतक्या वेळा आठवलेत की ते आता झिजलेत. कुठलं वाक्य कुणाचं, हे मी कधी कधी चुकवते. पण जे घडलं ते एवढंच.

माझ्या लेकीचं पोट फुगलं. नळीतलं दूध परत वर येऊ लागलं, हिरवट. डॉक्टरांनी दूध बंद केलं, नुसतं सलाईन. सिस्टर तेव्हा चार दिवसांच्या रजेवर गेल्या होत्या, त्यांच्या भावाच्या घरी लग्न होतं. त्यांच्या जागी आलेली मुलगी काचेच्या खोलीतून बाहेर यायचीच नाही. व्हरांड्यात कोण बसलंय, काय करतंय, तिच्या गावीही नसायचं. डॉक्टर दुपारी बाहेर आले आणि मला म्हणाले, "टीचर, तुम्ही शिकलेल्या आहात. मनाची तयारी ठेवा." शिकलेल्या माणसाचं मन तयार व्हायला सोपं असतं, असं त्यांना वाटत असावं. माय तिथंच उभी होती. तिनं विचारलं, "किती येळ हाय, साहेब?" डॉक्टरांनी नुसतं आभाळाकडे बघितल्यासारखं केलं.

मला ताप होता. दूध बंद झाल्यापासून मी पिळलंही नव्हतं. कुणासाठी पिळायचं? छाती ठणकत होती. चटईवर आडवी पडले आणि तशीच गुंगीत गेले. मायचा हात अंगावर आला. चोळी सोडली, काहीतरी गार, ओलं छातीला लागलं. फार बरं वाटलं.

"काय करायलीस, माय?"

"गप पड. थंडाई लावायलेय."

"वास कशाचा यायलाय?"

"फुलांचा. नीज."

मी निजले. हे मी स्वतःला कधी माफ केलेलं नाही. मायला नंतर दोष दिला तो दिला, पण ती पट्टी माझ्या छातीवर होती, नाक माझं होतं, आणि नीलम्माच्या छातीवरचा मोगरा मी डोळ्यांनी पाहिलेला होता. मला कळत होतं. गुंगीतही कळत होतं की हे कशासाठी बांधतात. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. मायला वाटलं, लेकरू जाणारच आहे, मग लेकीला तरी नीलम्मासारखं तळमळू देऊ नये. एक हातचं गेलं, दुसरं तरी राखावं. चार लेकरं जगवलेल्या आणि तीन पुरलेल्या बाईचा हिशेब तो. दुसऱ्या कुणा आईनं तो एवढ्या तातडीनं केला नसता.

दोन दिवस ती पट्टी होती. मायनं तीनदा कळ्या बदलल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर रजेवरून परत आल्या. आधी काचेच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं पडदा बाजूला झाला आणि त्या हसत बाहेर आल्या. मी त्यांना हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. "टीचर, तुम्हारी बेटी भूकी है! पेट उतर गया. मुंह हिलाती. लाओ दूध, जल्दी!" मी उठून आत धावले. लेकरू ओठ चोखत होतं. नुसते ओठ, हवेत. पोट सपाट झालं होतं. मी काचेला हात लावून उभी राहिले आणि छाती भरून यायची वाट पाहू लागले. आली नाही. बाहेर येऊन वाटी घेतली, पदर ओढला, पिळलं. चार थेंब आले, पाण्यासारखे. पुन्हा पिळलं. सिस्टर जवळ येऊन उभ्या राहिल्या. वास त्यांना आला असणार. त्यांनी माझा पदर सारला आणि पट्टी पाहिली. कळ्या आतून तपकिरी झाल्या होत्या, अंगाला चिकटल्या होत्या.

"ये किसने बांधा?"

माय म्हणाली, "म्या."

सिस्टरनी पट्टी ओढून काढली. मायवर त्या ओरडल्या, एवढ्या की अख्खा व्हरांडा आमच्याकडे बघू लागला. "बच्ची जिंदी है, अम्मा! जिंदी है! तुम किसका दूध सुखाई?" माय उभी होती. तिचे हात पोटाशी जोडलेले, पण नमस्कारासाठी नव्हेत, नुसते धरायला काही नव्हतं म्हणून. "म्या म्हटलं, जायलंय लेकरू," ती म्हणाली. "डॉक्टर तसंच म्हणले की." सिस्टर पट्टी हातात धरूनच आत गेल्या.

पुढचे नऊ दिवस मी पिळत होते. त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. रिकामी छाती पिळणं भरलेली पिळण्याहून जास्त दुखतं, एवढं सांगते. मायनं मेथ्या आणल्या, शेपू आणली, अळिवाची खीर केली, लसूण तुपात तळून खाऊ घातला. चिंताकीला जाऊन आली ती कुणाकुणाला विचारून, काय काय पाला घेऊन. ती जे देईल ते मी खात होते आणि तिच्याशी बोलत नव्हते. वाटीच्या बुडाशी चमचाभर जमायचं. ते झाकून न्यायचे. सिस्टर म्हणायच्या, "चलेगा, चलेगा, निकालते रहो." बाकीचं डब्याचं दूध. ते तिच्या पोटाला सोसलं नाही. जुलाब लागले. जे दोन घोट अंगी लागायचे ते खालून निघून जात.

मायनं एक गोष्ट केली जी मी तिच्याकडून कधी अपेक्षिली नव्हती. चिंताकीत लिंगायतांच्या विहिरीवर आमच्या बायका जात नसत. धर्म बदलला होता, छप्पन्ननंतर घरोघरी बुद्धाची तसबीर आली होती, माय ताठ मानेनं चालायची, आणि तिनं तिथून पुढं कुणाच्या दारात काही मागितलं नव्हतं. ती नीलम्माच्या सासूसमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "अक्का, तुमच्या सुनेला थोडं दूध उतरत आसंल. माझ्या नातीला द्या."

सासू वाईट बाई नव्हती. ती लगेच नाही म्हणाली नाही. मग म्हणाली, "ब्याडा, ब्याडा, नको. आटवलंय की आम्ही. आणि मेलेल्या लेकराच्या आईचं दूध जित्या लेकराला देऊ न्हाई. तुमच्याच नातीचं वाईट होईल." यात किती आमच्या जातीसाठी होतं, किती भीतीसाठी आणि किती खरं होतं, मी आजपर्यंत वेगळं करू शकले नाही. बहुधा तिलाही वेगळं करता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सासू भाकरी आणायला धर्मशाळेत गेली तेव्हा नीलम्मानं मला खुणेनं बोलावलं. तिनं पट्टी सोडली होती. भिंतीकडे तोंड करून ती पिळत होती, ओठ दाताखाली धरून, टाक्यांवर एक हात ठेवून. वाटीत दोन-तीन चमचे होते.

"अक्का, तुमच्या सासूबाई..."

"अत्तीला सांगू नको." ती हळू बोलली. "माझ्या लेकरानं दोन दिवस तुझंच पिलं. सिस्टरनं सांगितलं मला, तो गेला त्या दिवशी. घे."

मी वाटी घेतली. चार दिवस ती असं देत राहिली, दिवसातून एकदा, सासूचा डोळा चुकवून. मग तिचे टाके सुकले आणि तिला घरी नेलं. जाताना ती काचेच्या खोलीकडे गेली नाही. मी तिला पुन्हा कधी पाहिलं नाही.

असं म्हणतात की आईचं दूध हे असं आहे नि तसं आहे. शाळेच्या भिंतीवर आम्हीही पुढं तसं लिहून घेतलं, निळ्या रंगात, आरोग्य खात्याच्या सांगण्यावरून. माझं अनुभवानं झालेलं मत वेगळं आहे. दूध हे फार उशिरा येणारं आणि फार लवकर जाणारं काहीतरी आहे, आणि त्याला कुणाचं काही कळत नाही.

नवव्या दिवशी सकाळी मला त्या नऊ दिवसांतलं सगळ्यात जास्त दूध आलं. वाटीचं बूड झाकून वर बोटाच्या पेराएवढं. मी फुगून गेले. मायला दाखवलं नाही, कारण तिच्याशी बोलायचं नव्हतं, पण ती बघेल अशी धरून चालले. पडद्यापाशी सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातून वाटी घेतली. आत जाऊ दिलं नाही. मग मला बाजूला बसवलं आणि सांगितलं. वाटी त्यांच्या हातातच होती. आदल्या दिवशी दुसऱ्या पेटीत एक लेकरू आलं होतं, त्याची आई अजून शुद्धीवर नव्हती. सिस्टर मला म्हणाल्या, "देऊं?" मी मान हलवली. माझ्या लेकीसाठी पेरभर दूध मिळवायला मला नऊ दिवस लागले आणि ते दुसऱ्याच्या नळीत गेलं. वाया गेलं नाही एवढं खरं.

लेकीला ह्यांनी आणि मायनं मातीला नेलं. मी गेले नाही. पेपर तपासायचे राहिले होते, मी ते घरी बसून तपासले. चौथीचा इतिहास. कुणालाही नापास केलं नाही.

पुढं माझं आणि मायचं बोलणं सुरू झालं, जसं घरात सुरू होतंच. मीठ आहे का, पाणी आलं का, असं करत करत. दोन वर्षांनी मुलगा झाला. पूर्ण दिवसांचा, साडेसहा पौंडांचा, जन्मल्याबरोबर खणखणीत रडला आणि धडाधड प्यायला लागला. चैत्रच होता. मायनं मला न्हाऊ घातलं, शेकलं. त्या बाळंतपणात कुणी फुलं घरात आणली नाहीत, मायनं तशी सगळ्यांना ताकीद दिली होती. एक दिवस मी पोराला पाजत होते आणि ती माझे पाय चोळत होती. वर न बघता तिनं विचारलं, "सुशे, त्या येळेला... त्या फुलांनीच गेलं का गं दूध?"

आता हे मला लिहायलाच हवं. त्या मधल्या दोन वर्षांत मी बसवकल्याणच्या एका डॉक्टरीणबाईंना हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, फुलांनी थोडं जात असेल, पण खरं म्हणजे ताप, भीती आणि दोन दिवस न काढणं, एवढ्यानंच आटतं. दूध काढलं नव्हतं ते तर मीच. म्हणजे मला ठाऊक होतं. माय विचारत होती तेव्हा ते वाक्य माझ्या तोंडाशी होतं.

मी म्हटलं, "व्हय."

ती थोडा वेळ तशीच पाय चोळत राहिली. मग उठून गेली.

त्यानंतर मायनं दूध सोडलं. कुणाला सांगितलं नाही, गाजावाजा नाही. आधी चहातलं दूध बंद झालं, मग दही, मग ताक. घरात सगळ्यांना वाटलं, पोटाला सोसत नसेल. पोरगा बोलायला लागला तेव्हा तो 'आजीचा काळा चहा' असं म्हणायचा आणि तिच्या कपात बोट बुडवून कडू म्हणून तोंड वाकडं करायचा. मी तो काळा चहा रोज करून द्यायचे. तिच्या हातात कप द्यायचे आणि दुसरीकडे बघायचे. एकदा म्हटलं असतं की घे गं, असं काही नव्हतं, तर एवढ्यानं संपलं असतं. मी म्हटलं नाही. राग एवढा होता असंही नाही. मला वाटतं, कुणीतरी माझ्या लेकीचं काहीतरी पाळतंय, हे मला बरं वाटत होतं.

पोरगा पाच वर्षांचा असताना माय आजारी पडली. नौबादच्या घरीच होती. पोटात काही टिकेना, अंगाचं नुसतं कातडं राहिलं. डॉक्टर घरी येऊन गेले आणि म्हणाले, दुसरं काही देऊ नका, नुसतं दूध, चमच्या-चमच्यानं. मी दूध कोमट केलं, साखर घातली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिनं वास घेतला आणि मान फिरवली.

"माय, घे."

तिनं मान फिरवलेलीच ठेवली. तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते, ताप होता ते, मीच दोन दिवस दूध काढलं नव्हतं ते. "फुलांनी न्हाई गेलं, माय. मी खोटं बोलले होते. माझ्यामुळं गेलं." मी रडत होते, दूध तिच्या गळ्यावर सांडत होतं.

माय माझ्याकडे बघत राहिली. किती मायेनं बघत होती.

"मला दूध पाजवायला कामून खोटं बोलायलीस, सुशे," ती म्हणाली, आणि ओठ मिटून घेतले.